लाईटसोबत दर आठवड्याला छोटी केमो: अण्णांना द्यावी का नको?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ६७. तीस-पस्तीस वर्षं तंबाखू-चुना, आता डाव्या गालाचा कॅन्सर. दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं म्हणाले, मार्जिन क्लीन आहे, म्हणजे कापलेल्या कडेला आजार नाही. पण मानेतल्या दोन गाठींत आजार सापडला आणि त्यातल्या एकीचं कवच फोडून तो बाहेर आलेला असं रिपोर्टमध्ये आहे. त्यामुळे आता ३० लाईट (रेडिएशन) घ्यायला सांगितल्यात, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. इथपर्यंत आमची तयारी होती.

पण काल डॉक्टर म्हणाले की लाईटसोबत दर आठवड्याला एक छोटी केमो द्यायची. सिसप्लॅटिन देता येणार नाही कारण अण्णांना पंधरा वर्षांची शुगर आणि क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडनी थोडी कमजोर, म्हणून डोसिटॅक्सेल. मी विचारलं, छोटी म्हणजे? तर म्हणाले ही कॅन्सर मारायला नाही, लाईटचा परिणाम वाढवायला, 'रेडिओसेन्सिटायझर' म्हणून. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले, पुढे विचारायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर मावसभाऊ म्हणाला केमो शेवटच्या स्टेजला देतात, तुम्हाला खरं सांगत नाहीयेत, आणि दोन्ही एकदम म्हणजे म्हातारा माणूस झेपणारच नाही. आई तेव्हापासून रडतेय. पुण्याचा भाऊ म्हणतो डॉक्टर सांगतात ते करा. माझा प्रश्न असा की एवढ्याशा डोसने खरंच काही होतं का? आणि फक्त लाईट घेतल्या तर काय बिघडेल? ज्यांच्या घरी झालंय त्यांनी लिहा प्लीज.

चहाटळ
आधी मावसभावाला डोसिटॅक्सेल द्या. बाकीचे जाणकार येतीलच.

मीनल_ठाणे
केमो म्हणजे शेवटची स्टेज हे आमच्याकडेही सगळ्यांनी ऐकवलं होतं, शेजारच्या काकू तर भेटायलाच आल्या त्या निरोप द्यायला आल्यासारख्या.

माझ्या आईला २०१६ ला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, ऑपरेशन होण्यासारखा नव्हता. २५ लाईट बाहेरून, मग आतून (ब्रेकी म्हणतात ते), आणि लाईट चालू असताना दर सोमवारी सिसप्लॅटिन, अशी पाच. केस गेले नाहीत, थोडे विरळ झाले इतकंच. उलट्या मात्र खूप झाल्या, मंगळवार-बुधवार नुसती लिंबू सरबतावर असायची. आज ती ७१ ची आहे आणि माझ्या मुलाला रागवायला तिच्यात भरपूर ताकद आहे. तेव्हा आम्हाला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की लाईट हा मुख्य इलाज, औषध त्याला धार लावायला.

किरणपारखी
मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत काम करतो. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे अण्णांना द्या किंवा देऊ नका असं मी सांगणार नाही. प्रकार काय आहे तेवढं सांगतो.

रेडिएशनचा खरा मार पेशीच्या डीएनएवर असतो. डीएनए ही दोन पेडांची दोरी समजा. एक पेड तुटला तर पेशी तो सहज सांधते, दोन्ही पेड जवळजवळ तुटले की अवघड होतं. कॅन्सरच्या पेशीकडेही दुरुस्तीची यंत्रणा असते. आज संध्याकाळी लाईट दिली की रात्रीतून ती जमेल तेवढी डागडुजी करून ठेवते आणि उद्या आपण परत तोडतो. सहा आठवडे ही मारामारी चालते.

सिसप्लॅटिन काय करतं, तर डीएनएवरच्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना (डीएनएचे घटक) एकत्र बांधून टाकतं, म्हणजे दोरीला गाठ मारतं. लाईटने झालेलं तुटणं दुरुस्त करायला आलेली यंत्रणा त्या गाठीशी अडकते. डोसिटॅक्सेलची तऱ्हा वेगळी. पेशी विभागताना आत एक सांगाडा उभा करते आणि काम झालं की मोडते, हे औषध तो सांगाडा मोडूच देत नाही. पेशी ऐन विभागणीच्या उंबरठ्यावर अडकून पडते, आणि नेमकी त्याच अवस्थेत ती रेडिएशनला सगळ्यात कच्ची असते. पळणाऱ्यापेक्षा दारात अडकलेल्याला नेम धरणं सोपं.

म्हणूनच डोस कमी. डोसिटॅक्सेल एरवी केमो म्हणून देतात तेव्हा शरीराच्या दर चौरस मीटरला ७५ मिग्रॅ, तीन आठवड्यांतून एकदा. लाईटसोबत देतात तेव्हा दर आठवड्याला १५. नाव तेच, काम वेगळं.

आणि मावसभावांना सांगा, अण्णांना हे सुचवलंय ते शेवटची स्टेज म्हणून नाही. गाठीचं कवच फुटलेलं असलं की नुसत्या लाईटपेक्षा लाईट अधिक औषध चांगलं, हे २००४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. म्हणजे बरं करण्याच्या इराद्यानेच ते जोडतात. त्या चाचण्यांत औषध सिसप्लॅटिन होतं हेही लक्षात ठेवा, त्याबद्दल पुढे लिहितो, ओपीडीला बोलावलंय.

बार्शीलाईट
आमच्या गावात 'लाईट' म्हटलं की आधी छोटी रेल्वे आठवते, मग हॉस्पिटल. माझं नाव रेल्वेवरून आहे. चुलत्यांच्या लाईट बार्शीलाच झाल्या, आणि तेव्हा ही गाडी घरी कधी पोचवणार असं ते रोज मशीनवाल्या पोराला विचारायचे.

लोहारकाम
सिसप्लॅटिनवरून आठवलं, याची गोष्ट भारी आहे, थोडं विषयांतर.

हे संयुग १८४० च्या दशकात पेरोने नावाच्या इटालियन केमिस्टने बनवलं आणि पुढे सव्वाशे वर्षं कोणी औषध म्हणून ढुंकून पाहिलं नाही. मग १९६५ च्या सुमारास मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. करंट सोडायला प्लॅटिनमच्या पट्ट्या, कारण प्लॅटिनम म्हणे कशाशीच भानगड करत नाही. तर जिवाणू मरेनात पण विभागायचेही थांबले, नुसते लांबच लांब होत गेले, शेवयांसारखे. वाटलं विजेची करामत, निघाली पट्ट्यांमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची. जिवाणू विभागायचा थांबतो तर कॅन्सर का नाही, असा धागा पकडून १९७८ ला अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं.

चहाटळ
म्हणजे सोनाराकडे जाऊन प्लॅटिनमची अंगठी चाटली तर?

लोहारकाम
अंगठीतलं प्लॅटिनम कशाशीच भानगड करत नाही, तुमच्यासारखं नाही.

रोखठोक
सगळे भरभरून लिहितायत म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

माझे वडील ७४ चे होते, जिभेचा कॅन्सर, त्यांनाही हेच सांगितलं, लाईट अधिक दर आठवड्याची केमो. त्यांनी स्वतः नाही म्हटलं, फक्त लाईट घेतल्या. पाच वर्षं जगले आणि गेले ते हार्टने. त्याच वॉर्डातले त्यांच्याच वयाचे एक मास्तर होते, त्यांनी दोन्ही घेतलं, तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून इतकं सोललं की थुंकीही गिळता येईना, ॲडमिट केलं, लाईट बारा दिवस बंद. पुढे काय झालं लिहित नाही. दादा, तुमच्या वडिलांचं वय आणि किडनी बघता मी असतो तर फक्त लाईट घेतल्या असत्या. औषध कॅन्सरला कच्चं करतं म्हणता, मग गालाच्या आतल्या चांगल्या कातडीला कच्चं करत नाही का? तिला कोण सांगणार की तू चांगली आहेस?

कृष्णाकाठ
दादा नाही, ताई :) पण रोखठोक, तुम्ही लिहिलंत त्याचीच भीती वाटतेय. उत्तराची वाट बघतेय.

किरणपारखी
रोखठोक यांचा प्रश्न म्हणजे या सगळ्या विषयाचा गाभा आहे, त्याला बगल देत नाही. हो, चांगली कातडीही कच्ची होते. सेन्सिटायझर कॅन्सरवर जेवढं काम करतं तेवढंच तोंडाच्या अस्तरावर करायला लागलं तर फायदा शून्य, मग सरळ लाईटचाच डोस वाढवला असता. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावे लागतात.

डोसिटॅक्सेलची ही पद्धत मुख्यतः आपल्याकडचीच. टाटा मेमोरियलने ज्यांना सिसप्लॅटिन देता येत नाही अशाच ३५६ पेशंटवर चाचणी केली, अर्ध्यांना नुसत्या लाईट, अर्ध्यांना लाईट अधिक आठवड्याला १५ मिग्रॅ डोसिटॅक्सेल, जास्तीत जास्त सात वेळा. २०२३ मध्ये छापून आली. दोन वर्षांनी हयात असलेले नुसत्या लाईटमध्ये ४१.७ टक्के, औषधासह ५०.८ टक्के. आता दुसरी बाजू, तोंड गंभीरपणे सोलणं २२ टक्क्यांवरून जवळपास ५० वर गेलं.

वयाबद्दल: डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा लाईटसोबत औषध दिल्याचा फायदा वयाबरोबर घटत जातो असं दिसलं, सत्तरीपुढे जवळजवळ उरतच नाही. तुमच्या वडिलांनी ७४ व्या वर्षी नाही म्हटलं ते अडाणीपणाचं अजिबात नव्हतं. पण ताईंचे अण्णा ६७ चे आहेत आणि गाठीचं कवच फुटलेलं आहे. दोन केस एक नव्हेत.

गणिती_गण्या
टक्के वाचून माणूस गोंधळतो म्हणून सरळ मांडतो. शंभर अण्णा एका मंगल कार्यालयात बसलेत समजा. औषध दिल्यामुळे दोन वर्षांनी ९ जास्त अण्णा पंगतीला असतील. पण त्यासाठी २८ जास्त अण्णांचं तोंड महिना-दीड महिना बेकार सोलवटलेलं असेल. ४० च्या वर दिलं तरी नसतील आणि ४० च्या वर नाही दिलं तरी असतील. आपले अण्णा कुठल्या खुर्चीत ते कोणालाच माहीत नाही.

चहाटळ
एवढ्या अण्णांना एका कार्यालयात बसवलंत तर पहिलं भांडण पंख्याखालच्या खुर्चीवरून होईल.

आजीबाईचा_बटवा
सगळे केमिकल केमिकल करतायत, हळदीतलं कर्क्युमिन रेडिएशनचा परिणाम वाढवतं आणि साईड इफेक्ट कमी करतं असं वाचलंय, नैसर्गिक आहे, मग ते का नाही सुचवत कोणी? रोज ६ कॅप्सूल, सोबत व्हिटॅमिन ई आणि गव्हांकुराचा रस. आमच्या ओळखीत फरक पडलाय.

डे_केअर_सिस्टर
आजी, भाजीत हळद घालताय ती घाला, तिला कोणी नाही म्हणत नाही. कॅप्सूलचं मात्र डॉक्टरांना न सांगता नको. आमच्याकडे नातेवाईक डब्यात लपवून आणतात आणि मग लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की सगळे एकमेकांकडे बघतात.

किरणपारखी
सिस्टरांना दुजोरा. व्हिटॅमिन ई बद्दल तर प्रत्यक्ष चाचणी आहे. कॅनडात क्युबेक प्रांतात डोक्या-मानेच्या कॅन्सरचे ५४० पेशंट घेऊन लाईट चालू असताना व्हिटॅमिन ई सारख्या अँटिऑक्सिडंट गोळ्या देऊन पाहिल्या, २००५ ला छापून आलं. तोंडाचा त्रास कमी झाला, बटवा यांचं तेवढं बरोबर. पण आजार त्याच जागी परत येण्याचं प्रमाणही वाढताना दिसलं. लाईट बराचसा मार फ्री रॅडिकल (पेशीची नासधूस करणारे अस्थिर रेणू) तयार करून देते, आणि अँटिऑक्सिडंटचं कामच ते रॅडिकल विझवण्याचं. त्यांनाही कोण सांगणार की ही पेशी चांगली आणि ती वाईट? रोखठोक यांचाच प्रश्न उलट्या बाजूने.

लोहारकाम
आणि 'नैसर्गिक' म्हणाल तर डोसिटॅक्सेलही झाडाचंच आहे. युरोपातल्या यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पानांतून मूळ द्रव्य काढतात आणि त्यावर प्रयोगशाळेत शेवटचा हात फिरवतात. झाड इतकं विषारी की त्याची पानं खाऊन गुरं मरतात. नैसर्गिक.

ऑर्हुसकर
मी डेन्मार्कमध्ये राहतो, इथली वेगळीच गंमत सांगतो. इथे डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये लाईटच्या आधी निमोरॅझोल नावाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे, माझ्या सासऱ्यांना (ते डॅनिश) दिल्या होत्या. जुलाबाला आपण मेट्रोनिडॅझोल घेतो ना, त्याच घराण्यातलं औषध. प्रत्येक लाईटच्या दीडेक तास आधी गोळ्या, सासरे म्हणायचे कॅन्सरपेक्षा त्या गोळ्यांनी जास्त मळमळतं.

त्यामागचं तत्त्व मला नर्सने समजावलं होतं. लाईटला काम करायला ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजन असेल तर पेशीचं नुकसान पक्कं होतं आणि दुरुस्त होत नाही. कॅन्सरची गाठ वाढते इतक्या घाईत की मधल्या भागात रक्तवाहिन्या धड पोचत नाहीत, तिथल्या पेशी ऑक्सिजनशिवाय गुदमरून पण जिवंत बसलेल्या असतात आणि लाईटला दाद देत नाहीत. निमोरॅझोल तिथे जाऊन ऑक्सिजनची नक्कल करतं. इथल्या चाचणीत पाच वर्षांनी गळ्याजवळचा आजार ताब्यात असलेले ३३ टक्क्यांवरून ४९ वर गेले म्हणे.

किरणपारखी
ऑर्हुसकर, बरोबर. ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट रेडिएशन लागतं. पण तेच निमोरॅझोल ब्रिटनमध्ये, सिसप्लॅटिन न झेपणाऱ्या लोकांत तपासलं तर फायदा दिसला नाही. डेन्मार्कबाहेर फारसं कुणी वापरत नाही.

या क्षेत्रात कागदावर सुंदर दिसलेल्या कल्पना पेशंटवर आपटतात. ऑक्सिजनचंच घ्या. रक्त कमी असेल तर लाईटचा परिणाम कमी होतो हे माहीत होतं, मग कोणीतरी म्हटलं हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं देऊ. जर्मनीतल्या एका चाचणीत दिली, हिमोग्लोबिन वाढलंही, आणि आजार जास्त जणांत परत आला. २००३ साल. कॅन्सरच्या पेशींनाच त्या इंजेक्शनने बळ मिळालं असावं असं मानतात. अगदी अलीकडे झेव्हिनापंट नावाच्या गोळीचा मोठा गाजावाजा होता, २०२४ मध्ये तिची मोठी चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मधेच थांबवली. साठ-सत्तर वर्षांच्या खटाटोपानंतर रोजच्या वापरात उरलं बरचसं जुनंच, सिसप्लॅटिन आणि काही मोजकी.

उसाचा_रस
सिसप्लॅटिनचं कौतुक चाललंय म्हणून आमचा अनुभव. काकांना घशासाठी दिलं, मोठ्या डोसवालं, तीन आठवड्यांतून एकदा. आधी कानाची तपासणी करायची असते हे आम्हाला त्या हॉस्पिटलात कोणी सांगितलं नाही, काका दुसऱ्या डोसनंतर म्हणायला लागले की कानात रातकिडे ओरडतात, आम्हाला वाटलं अशक्तपणा. तिसरा डोसही झाला. आता कॅन्सर नाही पण फोनवर बोलणं बंद, टीव्हीचा आवाज वाड्याबाहेर, नातीचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. कॅन्सर गेला याचा आनंद आहेच हो, पण एक तपासणी, पाचशे-सहाशे रुपयांची, ती का नाही केली एवढंच वाटतं. ताई, तुमच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन बघून सिसप्लॅटिनला आधीच नाही म्हटलं म्हणजे माणूस बघणारा आहे, एवढं तरी नक्की.

मीनल_ठाणे
बाप रे. आईचीही कान-तपासणी झाली नव्हती असं आता आठवतंय. सलाईन मात्र बाटल्यांवर बाटल्या, किडनी धुऊन निघायला म्हणून. दिवसभर ते ठिबकत बसायचं आणि ती बाथरूमच्या फेऱ्या मोजायची, एकदा अकरा झाल्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून सगळं दोनदा वाचलं. परवा परत डॉक्टरांकडे जातोय, यावेळी कागदावर प्रश्न लिहून नेणार. अजून एक, डोसिटॅक्सेलने शुगर वाढते का? अण्णा इन्सुलिनवर आहेत.

डे_केअर_सिस्टर
ताई, चांगलं विचारलंत. डोसिटॅक्सेलने नाही, पण ते देण्याआधी ॲलर्जी येऊ नये म्हणून डेक्सा देतात, ते स्टेरॉइड, त्याने शुगर वाढते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बरीच. इन्सुलिनचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा आणि घरी ग्लुकोमीटर हवाच. शिवाय डोसिटॅक्सेल बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. डोस छोटा म्हणून ते अगदी थोडं, पण अण्णा माळकरी वगैरे असतील तर आधी सांगा, आमच्याकडे एका माऊलींनी बाटलीवरचं वाचलं आणि सुई काढायला लावली होती.

लाईट सुरू व्हायच्या आधीची कामं:
दात दाखवून घ्या, काढायचे असतील तर आधीच काढा आणि जखम भरू द्या. लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं.
तोंड उघडायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आठवड्याला किती मावतात ते लिहून ठेवा.
मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून सहा-आठ वेळा. तिखट, आंबट, गरम बंद.
वजन दर सोमवारी. नाकातून नळी टाकायची म्हणाले तर घाबरू नका, उशिरा टाकण्यापेक्षा वेळेवर टाकलेली बरी.
आणि तंबाखू. अजून चालू आहे का हो? खरं सांगा.

कृष्णाकाठ
ऑपरेशननंतर बंद आहे म्हणतात. परवा सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी सापडली. 'सवयीने ठेवली' म्हणे.

बार्शीलाईट
चुलत्यांची मिश्री अशीच 'सवयीने' असायची. डबी ताब्यात घ्या ताई.

किरणपारखी
डबीवरून हसू नका, तंबाखू पुन्हा सुरू झाली तर तोंडाची कातडी बरी व्हायला वेळ लागतो आणि दुसरा कॅन्सर उगवायची शक्यता राहते. बिडी-सिगरेट असेल तर अजून वाईट. लाईट चालू असताना ओढणाऱ्यांमध्ये लाईटचा परिणाम कमी दिसतो हे १९९३ सालीच दाखवलं गेलंय. धुराने रक्तातला ऑक्सिजन घटतो, ऑर्हुसकरांनी लिहिलं तेच परत. टाळता येईल असं अँटी-सेन्सिटायझर आहे ते.

प्रश्न लिहून नेणार म्हणालात तर दोन माझ्याकडून. एक, पाचव्या आठवड्यात तोंड फारच सोललं तर आधी काय थांबवणार, औषध की लाईट? बहुतेक डॉक्टर म्हणतील औषध, आणि तेच बरोबर. लाईट रखडली की दर दिवसामागे आजार ताब्यात येण्याची शक्यता साधारण टक्का-सव्वा टक्क्याने घसरते, मधल्या काळात उरलेल्या पेशी भराभर वाढतात. रोखठोक यांनी सांगितलेल्या मास्तरांचे बारा दिवस गेले, म्हणजे औषधाने जे कमावलं असतं ते सगळं तिथेच गेलं. दुसरा प्रश्न, नळी, ॲडमिशन, वेदनेची औषधं याची सोय संध्याकाळी आठ वाजता लागली तर कुठे आहे? ती सोय नसेल आणि घर हॉस्पिटलपासून शंभर किलोमीटरवर असेल, तर टाटाच्या चाचणीतला ९ टक्क्यांचा फायदा तुमच्या घरात तेवढाच मिळेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

रोखठोक
हे पटलं. आमचं गाव ९० किलोमीटर होतं, रोज एसटीने जायचे वडील. त्यांनी नाही म्हटलं त्यात हेही होतं बहुतेक, तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

मीनल_ठाणे
कृष्णाकाठ, राहायची सोय बघा आधी. मुंबईत असाल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, बाकी शहरांतही हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. महात्मा फुले योजनेत बसतंय का तेही तिथेच कळेल, आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म.

कृष्णाकाठ
(सात आठवड्यांनी) धागा वर आणतेय, बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.

डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. कागद बघून ते आधी हसले मग खुर्ची ओढून नीट बसले. म्हणाले तोंड फार सोललं तर औषध बंद, लाईट बंद करणार नाही. मावसभावालाही मुद्दाम सोबत नेलं होतं, त्याला दोरी आणि गाठ त्यांनी परत समजावली, आता तोच पाव्हण्यांना समजावत असतो. आम्ही हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर खोली घेतली, भाऊ आणि मी आळीपाळीने. निर्णय शेवटी अण्णांनीच घेतला, म्हणाले नऊ माणसं जास्त जगतात ना, मग मी त्या नवात आहे.

३० पैकी ३० लाईट गेल्या शुक्रवारी झाल्या. डोसिटॅक्सेल सहापैकी चार झाली. पाचव्या आठवड्यात तोंड सोललं, आतून पांढरंफेक, नळी टाकली, आणि उरलेल्या दोन केमो डॉक्टरांनी रद्द केल्या. लाईट एक दिवस चुकली, तीही मशीन बंद होतं म्हणून. डेक्साच्या दिवशी शुगर ३८० पर्यंत गेली, सिस्टर, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही हादरलो असतो. माळकरी नाहीत अण्णा, पण अल्कोहोलचं कळल्यावर 'आधी सांगितलं असतं तर दोन जास्त घेतल्या असत्या' म्हणाले. वजन ६१ वरून ५५. काड्या सुरुवातीला अकरा मावायच्या, आता आठ.

पेटस्कॅन तीन महिन्यांनी. एवढंच विचारायचं होतं, नळीतून नाचणीची आंबील चालते का? मिक्सरमधून काढली तरी घट्ट होते, काल अडकली.

डे_केअर_सिस्टर
चालते. पण नुसती मिक्सरमधून नाही, पंच्यातून गाळून घ्या आणि कोमट असतानाच द्या, गार झाली की घट्ट होते. दिल्यावर लगेच पन्नास मिली साधं पाणी. अडकली तर कोमट पाण्याने हलक्या हाताने मागेपुढे करा, जोर लावू नका, नाहीच झालं तर डे केअरला या.

बार्शीलाईट
आणि काड्या आठवरून नऊ झाल्या की इथे येऊन सांगा.